साल

बूच काढून झालं की झाडाच्या उघड्या अंगावर
पांढऱ्या रंगानं एक आकडा लिहायचा असतो,
त्या सालाचा शेवटचा.
सोळा साली काढलं, तर सहा.
मग नऊ वर्षं त्या झाडाकडे कुऱ्हाड घेऊन फिरकायचं नाही.
अलेंतेजूच्या टेकड्यांत आमची कॅलेंडरं अशी
उभी असतात, उन्हात, मेंढरांना सावली देत.

कुऱ्हाड माझी, ब्रश देओलिंडाचा.
एकतीस उन्हाळे.
मी पुढच्या झाडाला भिडलेला
आणि मागून तिचा आवाज:
सबुरीनं रे, रंग काय माहेराहून आणलाय मी?

ती फेब्रुवारीत गेली.
आजाराचं सांगत नाही. तीन आठवडे होता, एवढंच.

मे संपताना बेल्मीरो आला, मुकादम.
उंबऱ्याबाहेरच थांबला, टोपी हातात.
म्हणाला, यंदा सहाची झाडं. ओढ्यापलीकडची. दोनशे अकरा.
म्हणजे दोनशे अकरा वेळा तिचं अक्षर.
मी म्हटलं, गुडघा दुखतो.

गुडघा दुखतोच.

तरी जूनमध्ये गेलो.
घरी बसून करणार काय,
दोन खुर्च्या आहेत आणि दोन्ही माझ्याकडेच बघतात.

नऊ वर्षांत साल जाडावते, तिच्यासोबत आकडाही पसरतो.
वीतभर लिहिलेला तिचा सहा आता फाकला होता,
पोटात भेग, भेगेत मुंग्यांची ये-जा.
मागे एकदा असंच जुनं अक्षर बघून ती म्हणाली होती,
ही झाडं आणि मी, बरोबरीनं सुटलोय.

ब्रश यंदा इरियाकडे. बेल्मीरोची भाची,
लिस्बनमधली नोकरी सुटली म्हणून आलेली.
तिनं विचारलं, सुरू करायचं?
मी कुऱ्हाडीची धार बघितली. पुन्हा बघितली.

घाव साल चिरण्यापुरता घालायचा, आत जाऊ द्यायचा नाही.
आतल्या थराला आम्ही आई म्हणतो.
तिला लागलं तर त्या जागी पुन्हा बूच धरत नाही.
किती पोरांना शिकवलं हे मी.
शिकवताना सोपं वाटायचं.

दांडा फटीत घालून दाबला.
आधी काही नाही.
मग आतून कुरकुर, पावसाळ्यात फुगलेलं दार
एकदाचं उघडावं तशी,
आणि अख्खी फळी गवतावर पडली,
सहा आभाळाकडे तोंड करून.
खाली खोड ओलं, सोललेल्या रताळ्याच्या रंगाचं.
हात ठेवला. चाळीस डिग्रीच्या उन्हात ते गार होतं.

मला वाटलं होतं, आता माझं काहीतरी होईल.
झालं नाही. इरियाला तहान लागली होती,
पाणी कुठे ठेवलंय ते सांगितलं.

एक फळी घरी न्यावी, असं मनात आलं. नेली नाही.
सगळ्या वजन करून ट्रकवर गेल्या.
कारखान्यात उकळतात, वरचा रंग खरवडतात,
ठाऊक आहे मला.
तरी रात्री वाटून गेलं, कुठल्यातरी गावात
लग्नाच्या पंगतीत कुणी बाटली उघडेल
आणि बुचाच्या कडेला पांढरा ठिपका असेल.
कुणी बघणार नाही. बघू नये.

इरियाचा पाच वाकडा. पहिले चाळीस तर
पाच आहेत की साप, कळेना.
घाईघाईत ओघळ पार मुळापर्यंत.
मी ओरडलो,
सबुरीनं गं, रंग काय माहेराहून आणलायस?
आणि कुऱ्हाड हातात तशीच राहिली.
ती हसली. तिला वाटलं माझीच बोली ही.
असेलही आता.

शेवटचं झाड संपलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.
डबा उपडा करून त्यावर बसलो, पाव खाल्ला,
बोटांचा रंग पावाला लागला तसाच.
म्हटलं, चौतीस साली ही पुन्हा तयार होतील.
मी असलो तर अठ्ठ्याहत्तरचा.
तेव्हा कुठला आकडा लिहायचा, सांग.
तिनं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला,
मध्येच हरवली.
चार, मी म्हटलं.
चार सोपा. रेघाच असतात नुसत्या.