कळवायचं कुणाला

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, रात्रपाळीला,
पॅटर्न शॉपच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलेय.
लाकडाचा भुसा कीबोर्डात जातोय.
मालकांनी सांगितलंय: सोमवारपासून तक्रारवही बंद,
सगळं तिकिटावर.

वही अजून खिळ्याला लटकतेय,
सुतळीनं बांधलेल्या पेनासकट.
शेवटची नोंद: कंप्रेसर धापा टाकतंय.
खाली कुणीतरी: बघितलं.
सही नाही.

आता सॉफ्टवेअर मला विचारतंय
नवीन तिकीट आलं तर कुणाला कळवू?
बदललं तर?
कुणी नुसतं उघडून वाचलं तर?
मी सगळ्या चौकटींत खुणा करते, भीतीपोटी.
मेल जोडला, फोन जोडले,
स्टोअरचा हिशेब, हजेरीचं यंत्र,
आणि भट्टीवरचं तापमानाचं मीटर,
जे आजवर कुणाशीच बोललं नव्हतं,
तेही बोलायला लागलं पहाटे पावणेतीनला.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला एकशे ब्याऐंशी.
मोल्डिंगच्या सातेरीनं जेवणाच्या सुट्टीत
फोन वाळूच्या ढिगात पुरला.
"वाजू दे की तिथंच, खरं मला भाकरी खाऊ दे."
स्टोअरच्या मेहजबीन सनदी
पावती फाडता फाडता म्हणाल्या,
"सगळ्यांना सांगितलं म्हंजे
कुणालाच नाही सांगितलं, बाई."

मग खुणा काढत गेले.
दोन तास उघडं राहिलं तर सुपरवायझर,
चार तास, तर मालक.
रात्री अकरानंतर फक्त भट्टी बोलेल.
भाषेच्या रकान्यात: मराठी, कन्नड, इंग्रजी.
एकच निवडा.
एकच निवडा, म्हणे.
बेळगावात.

तिकीट एक्केचाळीस, बाळाप्पाचं.
अक्षरं कन्नड, बोलणं मराठी;
शाळा तिकडची, घर मच्छेत.
यंत्राला वाटलं कन्नडच आहे,
त्यानं भाषांतर करून दिलं, त्यात एक शेळी होती.
मेहजबीनबाईंनी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं:
दोन नंबर भट्टीचा आवाज बदललाय.

आवाजाला रकाना नव्हता.
'इतर'मध्ये टाकलं.
रेमेदियोसनं उघडून बघितलं,
कॉइलच्या पाण्याची नळी निम्मी बुजलेली.
बदलली. तिकीट बंद.
मला कळलं, मालकांना कळलं, स्टोअरला कळलं,
पुण्याच्या ऑफिसात ज्याला भट्टी ठाऊक नाही त्यालाही कळलं:
नळी एक, रुपये चारशे दहा.

आठव्या दिवशी बाळाप्पा टेबलापाशी आला,
हातमोजे काढून काखेत धरलेले.
"आमच्या त्या आवाजाचं काय झालं ओ?"
"झालं की. गुरुवारीच बंद केलं."
"असं होय," म्हणाला.
"बरा वाटत होता आवाज, खरं
कानावर किती भरवसा ठेवायचा?
रोज जरा लांबच उभा ऱ्हात होतो."

सेटिंग उघडलं.
अगदी तळाशी एक चौकट,
कंपनीनं रिकामी पाठवलेली, मी रिकामी ठेवलेली:
तक्रार करणाऱ्याला कळवा.

अर्ज देऊन उत्तराची वाट बघणं
इकडच्या माणसाच्या अंगवळणी पडलंय,
पिढ्या झाल्या.
म्हणून कुणी ओरडलंही नाही.

खूण केली. आता मजकूर.
"आपले तिकीट निकाली काढण्यात आले आहे"
लिहिलं, खोडलं.
"झालं. काय बदललं ते खाली लिहिलंय.
पुन्हा वाटलं तर पुन्हा सांगा."
मग मागच्या सगळ्या बंद तिकिटांना,
ज्यानं त्यानं टाकली होती त्याला,
एकदमच पाठवलं.

शेडमध्ये इकडे तिकडे खिसे उजळले.
बाळाप्पानं बघितलं नाही,
मोजे पुन्हा हातात होते, आणि तो भट्टीच्या जवळ होता.
सातेरीचा फोन कुठं दिसेना.
ढिगाच्या एका बाजूला
थोडी वाळू घसरली.