पुकारा

केप्याच्या कोर्टात सत्तावीस वर्षं
माझं काम एवढंच : दारात उभं राहून नावं हाकारायची.
तीनदा. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

सोमवारची यादी कधी वाचून बघा.
वेळीप, वेळीप, गावकर, वेळीप,
गावडे, परत वेळीप.
तालुक्यात इतर आडनावं नाहीत असं नाही.
बाजारात आहेत, बँकेत आहेत,
माझ्या मागच्या खुर्च्यांवर तर सगळी तीच.

सोयरू वेळीप पहिल्यांदा आला तेव्हा
उंबऱ्याबाहेर चपला काढून आत निघाला.
म्हटलं, घाला हो, इथं चालतं.
म्हणाला, चार माणसं बसून न्याय करतात, म्हणजे मांडच ना हा?
मांडावर कोण चपला घालून जातं?
मी काही बोललो नाही. पंखा फिरत होता.

गुन्हा : अभयारण्याच्या हद्दीत कुमेरी.
मुद्देमाल : कोयता एक. नाचणीचं बी, पायल्या दोन.
हद्दीचा दगड त्याच्या धाकट्या मुलीहून
दोन वर्षांनी लहान.

जामीन मंजूर झाला होता, बरं का.
पण जामीनदार हवा, जामीनदाराकडे एक-चौदाचा उतारा हवा,
आणि आवळेमळाच्या नऊ घरांत मिळून
उताऱ्यावर नाव एकाचंही नाही.
भाटकाराचं आहे. वनखात्याचं आहे.
जमीन आणि जामीन, फरक एका कान्याचा,
असं वकीलसाहेब फाईल बांधता बांधता म्हणाले.
दुपारच्या गाडीनं सोयरूला कोलवाळला नेलं.
चपला दारातच राहिल्या.

भागी, त्याची बायको, महिन्यातून एकदा जायची.
केपे, मडगाव, पणजी, म्हापसा, मग तुरुंग :
अख्खा गोवा उभा ओलांडून
भेट पंधरा मिनिटांची.
सांगत होती, आत आपलीच माणसं दिसतात,
एक साडू, एक चुलतभाऊ, पलीकडच्या वाड्यावरचे दोघे.
आणखी चार आले की शिगमो तिथंच घालू.
ती हसली. मी हसावं की नाही ते कळेना.

त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला खाण आहे.
तिच्यावरही खटला आहे, यंदा आठवं वर्ष.
कंपनीचं नाव मी तीनदा हाकारतो;
एक काळा कोट अर्धवट उठतो, तारीख घेतो, बसतो.
कंपनीला पाय नसतात.

वेळीप म्हणजे काय, ते फार उशिरा कळलं मला.
नुसतं आडनाव नव्हे, काम ते.
मांडावर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं,
राखणदार, देवचार, गेलेले वाडवडील,
एकेकाला नावानं हाक मारायची.
म्हणजे माझंच काम म्हणा.
फक्त तो ज्यांना बोलावतो
त्यांना कुणी धरून आणावं लागत नाही.
त्या वर्षी गाऱ्हाणं त्याच्या अकरा वर्षांच्या पोरानं घातलं.
अर्ध्यावर विसरला. माणसं थांबली म्हणे,
आठवेपर्यंत.

चौदा महिन्यांनी साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल?
सोयरू म्हणाला, जाळलं, होय.
जाळल्याशिवाय नाचणी कशी होईल?
लिहिलं : कबूल.
शिक्षा सहा महिने, भोगून झालेली. मोकळा.
वरच्या आठ महिन्यांना नाव नव्हतं,
मी काय हाकारणार.

मुद्देमालाच्या खोलीत त्याला मीच नेलं.
कोयता गंजला होता. बियाण्याच्या पिशवीत उंदरांची बाळंतपणं.
तो कोपऱ्यात उकिडवा बसला
आणि लेंड्यांतून दाणे वेचू लागला,
तळहातावर फुंकर मारून, एकेक.
पावतीवर अंगठा द्या, म्हटलं.
म्हणाला, थांब, मूठभर होऊ दे.

तेवढ्यात आतली घंटी वाजली.
मी तिथूनच हाकारलं, पुढचा कुणीतरी, वेळीप,
आणि तो ताडकन उभा राहिला,
अनवाणी,
मूठ मिटलेली.