अळणी

नोकुए सरोवरात हात बुडवून
डोस्सी आधी बोट चाखते.
माझं यंत्र अजून आकडाच शोधत असतं.
"अळणी," ती म्हणते, "आज निळे नाहीत."

निळ्या नांग्यांचे येतात मिठामागून,
पुराचं गोडं पाणी ओसरलं की,
खांबांवरच्या घरांखालून, तिरके.

तिच्या आईला खेकड्यांची नऊ नावं यायची,
आणि एक शिवी,
जाळं कातरणाऱ्यासाठी राखून ठेवलेली.
माझ्या वहीत चारच रकाने भरलेत.
गाळाला रॉकेलचा वास.

पाचव्यात काय लिहू, मी विचारतो.
ती पिंजरा उलटा झटकते:
चिखल, एक रबरी चप्पल,
एक तुटकी नांगी,
धाग्याचं टोक धरून घट्ट मिटलेली.

डोस्सी हसते, कितीतरी वेळ.
"शिवी लिही."