ब्रिंग अप

झालोकाठीत, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
मोमताज मॅडम फळ्यावर लिहितात: ब्रिंग अप.
खाली मशीन चालू आहे, म्हणून अक्षरं जरा थरथरतात.

ब्रिंग म्हणजे आणणं. येतं सगळ्यांना.
अप म्हणजे वर. तेही येतं.
"पण वर आणायचं काय?" आफ्ताबुद्दीन विचारतो.
तो घाटावर लाँचमध्ये पोती चढवतो,
त्याचा व्हिसा पौषापासून अडकलाय.
"पोतं!" कुणीतरी मागून ओरडतं.
पोतं नाही रे, मॅडम म्हणतात, पोर.

लहानाचं मोठं करणं.
आपण बांगलात म्हणतो, मानुष करणं.
इंग्रजांचं नुसतं वर आणून भागतं,
आपल्याला माणूस करावा लागतो.
दरवेळी जमतंच असं नाही,
असं म्हणून त्या खिडकीतून खाली बघतात.
त्यांचा धाकटा भाऊ कॅरमवर पैज लावून उभा आहे.

दुसरा अर्थ, विषय काढणं. कथा तोला.
बुडाशी बसलेलं ढवळून वर आणणं:
नदीनं नेलेली जमीन कुणाच्या वाट्याची होती,
लग्न का मोडलं, असलं काही.
हे सहसा जेवताना करतात
आणि मग मासा तसाच राहतो पानात.

आणि, हो, ओकणं.
शी, शी, सगळा वर्ग.
शी काय? परदेशात म्हाताऱ्यांची सेवा करायला निघालात ना?
रात्री तीनला म्हातारा अंगावर करेल,
तेव्हा रजिस्टरात हाच शब्द लिहायचा. शी नाही लिहायचं.

आता एकेक वाक्य करा.

आफ्ताबुद्दीननं आईला ब्रिंग अप केलं,
तीन मजले, पाठुंगळीला घेऊन, पुराच्या साली.
मॅडमना हे चूक म्हणवेना.

कोहिनूरनं वही पुढे केली, एका हातानं ओळ झाकत:
खालानं मला ब्रिंग्ड अप.
आईला मी कधी ब्रिंग्ड अप नाही.

मॅडम बराच वेळ लाल पेनाचं टोपण शोधतात.
ते पेनालाच आहे.

ब्रिंग्ड नाही गं, त्या म्हणतात. ब्रॉट.
मधे जी आणि एच येतात.
लिहायचे. उच्चारायचे नाहीत.

खाली मशीन थांबलंय, शिंपी दोरा ओवत असेल.
कोहिनूर ती दोन मुकी अक्षरं गिरवते,
दाबून,
मागच्या पानावर उमटतील इतकी.