पहिला मंगळवार

टेक्ससात घरं मंगळवारी विकतात,
महिन्याच्या पहिल्या, दहा ते चार,
कोर्टाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर.
लव्हॉन प्रुइटचं घर अकरा चाळीसला पुकारलं.
मी तिथे होतो. का गेलो ते विचारू नका.

बँकेचा माणूस वाचत होता:
लॉट सतरा, ब्लॉक सी, मग नुसते आकडे.
पिवळ्या दाराचा उल्लेख नव्हता,
स्वयंपाकघरातल्या नळाचाही नाही,
जो डेलने उलटा बसवला
आणि तो वारल्यावरही
गरम हवं तर सगळे थंडाकडेच फिरवत राहिले.
बोली म्हणतात तिला. कुणी बोलत नव्हतं.
तीन माणसं, तीन बोटं,
आणि मध्येच एकाची शिंक.

उधळपट्टी? छे.
शहर वाढलं, एवढंच.
माळावर चिपचा कारखाना आला,
त्याच्या पहिल्या भरतीत मी.
मग कुत्र्यांचा दवाखाना, कॉफीची तीन दुकानं,
मग गल्लीभर पत्रं: तुमच्या घराची किंमत दुप्पट.
त्या संध्याकाळी आम्ही अंगणात शेगडी पेटवली.
मक्याची कणसं लव्हॉननेच आणली होती.

किमतीमागून कर आला, करामागून विमा,
सगळं हप्त्यात जाऊन बसलं.
स्कूलबसचा पगार होता तिथेच.
हप्ते थकले, म्हणतो आपण,
जणू तेच उठत होते पहाटे साडेचारला.

विकून टाक, मी म्हणालो होतो.
ती हसली. तेवढ्या पैशात
या शहरात मिळतं एकच घर, म्हणाली,
हेच.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथे वासे समोरच उभे राहतायत,
ओल्या पाइनचे, रांगेने चाळीस घरांचे,
आणि खिळ्यांची बंदूक सातलाच सुरू.

शनिवारी ती बहिणीकडे लफकिनला गेली.
सोमवारी कुलूप बदललं.
गुरुवारी सोसायटीची चिठ्ठी, तिच्या दाराला:
गवत सहा इंचांवर, दंड पन्नास डॉलर.
मी मशीन ओढत नेलं आणि कापलं,
पुढचं, मागचं, कुंपणाच्या कडेचंही.
तिच्यासाठी, की माझ्या घराच्या भावासाठी,
हे मशीन बंद केल्यावर ठरवू म्हटलं.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात दिवा दिसला.
नवा मालक असेल.
त्याला नळाचं कुणी सांगितलं नसणार.