लागलं का?

रुबेननं कलिंपाँगहून दोन रोपं आणली,
ओल्या गोणपाटात, मिल्ट्रीच्या ट्रंकेतून.
एक त्याच्या आईला, एक मला.
भिंतीच्या अल्याड एक, पल्याड एक.
हॉली, म्हणाला. मामी, खरी.

खरी म्हणजे काय ते मलाच ठाऊक.
एकतीस वर्षं शरणपूरच्या चर्चसाठी
हिरव्या घोटीव कागदातून तिची पानं कापली,
कडेला सात दात, बोटाच्या मापानं,
आणि फळांच्या जागी गुंजा चिकटवल्या,
काळा डोळा आत वळवून.
नाताळ सरला की सगळं बिस्किटांच्या डब्यात.
गुंजा दर वर्षी दोन-चार कमी भरायच्या.

गायखे आले, द्राक्षबागांना सल्ला देत हिंडणारे.
खड्डा बघून म्हणाले, खोल नको, रुंद घ्या.
आपली काळी माती पाणी धरून बसते,
रुसलेल्या माणसासारखी, सोडत नाही.
दोन घमेली मुरूम घाला, एक पालापाचोळा.
खोडावर जुन्या मातीची रेघ आहे, तेवढंच पुरा.
आंब्याच्या उगवतीला लावा,
सकाळचं ऊन हिला, दुपारचं आंब्याला.
आणि कुठल्याशा बागेतली उरलेली ठिबकची नळी दिली.
तासाला दोन लिटर. बास. लाड नकोत.

लावणं एका सकाळचं काम.
लागणं कुणाच्या हातात?

पहिलं वर्ष ती नुसती उभी राहिली
बदलीवर आलेल्या कारकुनासारखी,
वळकटी न सोडता.
एप्रिलात पानं पिवळी पडून गळाली.
हिरवी जाळी बांधली. नखानं खोड खरवडलं,
आत हिरवं. आठ दिवसांनी परत खरवडलं.
गायखे ओरडले,
अहो, झाड आहे, लॉटरीचं तिकीट नव्हे!

पलीकडचं काही कळत नव्हतं.
सासूबाईंच्या मागं ती भिंत दोन फूट चढली,
साडेचार हात जागेवरून.
तेव्हापासून एस्तेर वन्सं आणि मी
चर्चमध्ये एकाच बाकावर,
मधे गीतांचं पुस्तक ठेवून.

रोज सहा वाजता बादली ऐकू यायची.
अख्खी बादली, एका दमात.
सांगावंसं वाटायचं, वन्सं, एवढं नको, कुजेल.
नाही सांगितलं.
एका रात्री नळीचा उरलेला तुकडा
भिंतीवरून पलीकडं सोडला.
सकाळी पाहिलं तर कुणीतरी ओढून घेतलेला.
त्या दिवसापासून बादली बंद.

तिसऱ्या हिवाळ्यात निफाडला पारा चारावर आला,
आमच्याकडंही कौलं ओली, बोटं आखडलेली.
तिला मात्र गाव आठवलं असावं.
शेंड्याला तांबूस पालवी, आधी मेणासारखी मऊ,
मग एकेक दात टणक होत गेला.
मोजले. सात नव्हते. कुठं नऊ, कुठं पाच,
एका पानाला एकच, टोकाला.
एकतीस वर्षं मी चुकीचं कापत होते.

चौथ्या वर्षी, उपवासकाळात, फुलं.
तांदळाच्या कणीएवढी, पांढरी.
गायख्यांनी भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं.
मादी आहे, म्हणाले. मधे हिरवा मणी दिसतोय.
जवळपास नर हवा, नाही तर फळ नाही.
आणि आम्ही दोघांनी भिंतीकडं पाहिलं.

मी फांदी बाजूला करायला गेले
आणि पान कचकन बोटात घुसलं.
आई गं!

लागलं का?

पलीकडून. बारा वर्षांनी.
बोटाला विचारलं की झाडाला,
मीही विचारलं नाही.
लागलं, म्हणाले. तुमचं?
थोडा वेळ काही नाही. मग,
लागलं. फुलंपण आलीत. पण कसली ते कळंना.

भिंतीला दार नाही,
म्हणून गायखे भिंग घेऊन गल्लीला वळसा घालून गेले.
त्यांच्या चपला ऐकू येत राहिल्या,
मग फाटकाची कडी, मग वन्संचं या, या.
मी बोट तोंडात धरून उभी.
वेळ लागत होता.