पसंतीक्रम

ओटीपी माझ्याच मोबाईलवर आला,
रात्री सव्वाअकराला.
लेक झोपलेली. तेविसावं सरलंय तिचं,
पण पासवर्डात अजून आमच्या म्हशीचं नाव.

चष्मा पुसला.
धारवाड पहिलं, बेंगळूर दुसरं,
बेळगाव पाचवं, तळाला,
दुरडीत उरलेल्या भाकरीसारखं.

ज्यानं तरणेपणी 'बेळगाव आमचं' म्हणून
चुन्याच्या डब्यात हात बुडवले
त्यानं एका बोटानं ते वर ओढलं.
येळ्ळूरहून थेट बस आहे,
डबा गरम पोचतो.
बाकी काही नाही.

सकाळी गप्प राहिलो.
कागद तपासायला तिच्या मागोमाग, फाईल काखेत.
खिडकीतल्या माणसानं कन्नडात काही विचारलं,
मी न विचारलेलं मार्कलिस्ट पुढं केलं.
ती बोलायला लागली, न अडखळता,
बाजारापुरतं कन्नड येणाऱ्या मला
त्यातला 'अप्पा' तेवढा कळला.
खिडकीतला हसला.
ती नाही हसली.

परतीच्या बसमध्ये, अनगोळ मागं पडल्यावर, म्हणाली,
"पहाटे तुम्ही धार काढायला गेला होता,
मोबाईल चुलीपाशी राहिला."
"मग?"
"धारवाड परत वर आहे."

"आणि म्हशीचं नाव?"
"काढलं."

पुढं काय ठेवलंस, हे तोंडाशी आलेलं
गिळलं.
कंडक्टर आला. तिला शून्याचं तिकीट,
बायकांना असतं तसं,
मला पूर्ण भाड्याचं.
सुटे नव्हते माझ्याकडं.
तिनंच दिले.